साठा किती ठेवावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनातील भाषणांचे विषय बहुधा ठरलेले असतात. विद्यार्थ्यांस साहाय्य, लग्नातील खर्चाला आळा, वसतिगृहाचा निधी, हे विषय दरवर्षी निघतात आणि ते निघावयासही हवेत. परंतु यंदा कार्यकारी मंडळाने मला धंद्यासंबंधी बोलण्याची आज्ञा केली. आपल्यांतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ आज लहान कारखान्यांवर, वर्कशॉपवर आणि दुकानांवर चालतो. अशा घरांत रात्रीच्या पानावर दोन तक्रारी हटकून निघतात. एक, माल वेळेवर आला नाही. दुसरी, पैसे वेळेवर आले नाहीत. या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे असे माझे मत बनले आहे, आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. हयातीचा मोठा भाग मी कारखान्याच्या खरेदी आणि भांडार खात्यांत घालविला. त्यामुळे दुसऱ्या कोणत्या विषयावर अधिकाराने बोलावे इतके मला येतही नाही.

धंद्याच्या व्यवस्थेचा विषय निघाला की आपल्याकडे मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु ते उदाहरण मी आज घेणार नाही. डबा सकाळी भरतो आणि दुपारी रिकामा होतो. त्याचा साठा करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपली खरी अडचण साठ्याची आहे. माल किती आणावा, केव्हा आणावा आणि तो पडून राहिला तर त्याचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न कारखानदारास जसा आहे तसा दुकानदारासही आहे.

आपल्या आजोबांना विचारले असते तर त्यांनी एका शब्दात उत्तर दिले असते : बेगमी. धान्य वर्षाचे, सरपण पावसाळ्याचे, आणि धंद्याचा कच्चा माल हाताला येईल तेवढा. त्यांचे चुकत होते असे कोणी समजू नये. पावसाळ्यात रस्ते बंद, पत्र पोचावयास आठवडा, आणि माल देणारा पन्नास कोसांवर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला, त्या काळी आसपास सुटे भाग करून देणारा दुसरा कारखानदार कोठून असणार? तेथे कारखानदाराला आपली ओतशाळा आपणच चालवावी लागे आणि आपला साठा आपणच राखावा लागे. जेथे पुरवठा बेभरवशाचा, तेथे साठा हाच भरवसा, हा त्या काळचा व्यवहार होता.

तथापि साठ्याला खर्च पडतो, आणि तो खर्च दिसत नाही. गोदामात १० लाख रुपयांचा माल पडून आहे असे समजा. बँकेचे व्याज दरसाल दर शेकडा १२ धरले, तर त्या मालापायी वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये जातात. एवढ्यात एका मदतनिसाच्या पगाराचा बराचसा भाग निघतो. फरक इतकाच की मदतनीस काम करतो, आणि साठा जागा अडवितो, गंजतो, उंदरांच्या तोंडी पडतो किंवा फॅशन बदलली की कवडीमोल होतो.

आणखी एक दोष साठ्यात आहे, तो व्याजाहूनही मोठा आहे. भरपूर साठा असला म्हणजे कामातील चुका झाकल्या जातात. लेथवर आज काढलेला भाग एका बाजूने जास्त कापला गेला, पण तो जुळणीला दोन महिन्यांनी जाणार असेल, तर ती चूक दोन महिन्यांनी कळते. तोपर्यंत तशाच चुकीचे हजारो नग पेट्यांत भरलेले असतात, आणि लेथवरचा कारागीर कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो. तोच भाग उद्या सकाळी जुळणीवर जाणार असेल तर चूक उद्या सकाळीच उघडकीस येते.

ही गोष्ट ज्यांनी सर्वांत पद्धतशीरपणे ओळखली ते जपानचे टोयोटा कारखान्याचे लोक. या घराण्याचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोडा यांनी असा माग बनविला की धागा तुटताच तो आपोआप थांबत असे. १९२९ साली त्या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने घेतले. विणकराच्या घरातील माणसांस मी हे मुद्दाम सांगतो. तुटलेल्या धाग्यावर माग चालू ठेवणे म्हणजे वाईट कापड वेगाने विणणे होय, हा विचार मोटारीच्या कारखान्यात गेला तो मागावरून गेला. पुढे त्या कारखान्यातील ताइइची ओनो या अभियंत्याच्या मनात अमेरिकेतील सुपरमार्केटची पद्धत भरली. १९५६ साली अमेरिकेस गेले असता ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. गिऱ्हाईक फळीवरून हवी ती वस्तू उचलते, आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढीच दुकानदार पुन्हा भरतो. ओनोंनी कारखान्यात हेच केले. पुढच्या कारागिराने भागांची पेटी उचलली की तिच्यावरील पत्रिका मागच्या कारागिराकडे परत जाई, आणि ती पत्रिका हातात पडल्यावाचून मागच्याने नवा भाग करावयाचा नाही असा दंडक. या पत्रिकेला तिकडे ‘कानबान’ म्हणतात.

भगिनीवर्गास हे परके वाटण्याचे कारण नाही. ज्या घरी गॅसचे दोन सिलिंडर आहेत तेथे हीच पद्धत चालते. एक संपला की दुसरा लावावयाचा आणि त्याच दिवशी नोंदणी करावयाची. रिकामा सिलिंडर हीच पत्रिका. किती गॅस उरला याचे मोजमाप रोज कोणी घेत नाही, वहीत नोंद ठेवीत नाही, आणि तरीही स्वयंपाक अडत नाही. मात्र या व्यवस्थेत एक अट लपलेली आहे. दुसरा सिलिंडर संपण्यापूर्वी पहिला भरून आला पाहिजे. एकदा का त्याला महिना लागू लागला की गृहिणी तिसऱ्याची खटपट करू लागते, किंवा शेजारणीकडे हात पसरते. म्हणजे साठा किती असावा हे आपल्या इच्छेवर ठरत नसून माल देणारा किती दिवसांत आणि किती नेमाने देतो यावर ठरते. माझ्या आजच्या बोलण्याचा कणा हाच आहे.

आता कोणी म्हणेल, साठा इतका कमी ठेवला आणि एखादे दिवशी संकट ओढवले तर? तसे संकट टोयोटावर खरोखरच आले, आणि ती हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. आयसिन या कंपनीच्या कारिया येथील कारखान्यास आग लागली. तेथे मोटारीच्या ब्रेकमधील एक छोटी झडप तयार होत असे. मागील चाकांवर जाणारा ब्रेकचा दाब आवरून गाडी घसरू न देणे हे तिचे काम. झडप मुठीत मावेल एवढी आणि किमतीने अगदी किरकोळ. पण ती नसेल तर गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही. टोयोटाला लागणाऱ्या अशा झडपांपैकी जवळजवळ सर्वच, शंभरांतील नव्व्याण्णव, याच एका कारखान्यातून येत. दररोज तीस हजारांहून अधिक नग! आयसिनचे काम उत्तम आणि दर कमी, म्हणून सर्व मागणी हळूहळू एकाच ठिकाणी गोळा झाली होती. टोयोटाच्या कारखान्यांत या झडपेचा साठा फारच थोडा. मंगळवार उजाडला तोवर जपानमधील त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. दिवसाला सुमारे १५ हजार गाड्या बाहेर पडत होत्या, त्या थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांना भाग पुरविणारी शेकडो वर्कशॉपेही थांबली.

जळालेली यंत्रे खास याच कामासाठी बनविलेली होती. ती नव्याने मिळावयास कित्येक महिने लागले असते. पण आग विझते न विझते तोच आयसिनने आपली ड्रॉइंगे मागेल त्याला देऊन टाकली. कोणाकडे ड्रिल आहे, कोणाकडे मिलिंगचे यंत्र आहे, याची विचारणा सुरू झाली. साठांहून अधिक कंपन्या स्वतः झडपा करू लागल्या, आणि त्यांस हत्यारे व सुटे काम पुरविणाऱ्या धरून दोनशेंवर कंपन्या या कामी लागल्या. त्यांतील बहुतेकांनी ही झडप पूर्वी कधी केलेली नव्हती. ब्रदर ही शिवणयंत्रांची कंपनी. तिने मोटारीचा भाग जन्मात केला नसेल, पण तिनेही एक मिलिंगचे यंत्र या कामासाठी फिरवून घेतले. त्यावर दिवसाला जेमतेम चाळीस नग निघत. तीस हजारांच्या गरजेपुढे चाळीस! तरीही ते काढले. पहिल्या बाहेरच्या झडपा तीन-चार दिवसांत हाती आल्या, आठवडा उलटण्यापूर्वी कारखाने पुन्हा सुरू होऊ लागले, आणि सुमारे दहा दिवसांत काम पूर्वपदावर आले.

या हकीकतीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की काम हाती घेताना कोणी दर ठरविला नाही. ‘आधी भाव सांगा, मग यंत्र लावतो’ असे म्हणणारा निघाला नाही. पुढे आयसिनने सर्वांचा खर्च भागविला, आणि टोयोटाने आपल्या मुख्य पुरवठादारांना त्या तिमाहीतील त्यांच्या विक्रीच्या १ टक्का इतकी रक्कम कृतज्ञता म्हणून आपण होऊन दिली. कामानंतर मोबदला मिळेलच असा भरवसा असल्याशिवाय इतकी माणसे रात्रीचा दिवस करीत नाहीत. तो भरवसा त्या आठवड्यात निर्माण झाला नव्हता. वर्षानुवर्षे ठरल्या दिवशी पैसे मिळत आले होते, अडचणीत कारखान्याचे अभियंते वर्कशॉपमध्ये येऊन यंत्रे लावून देत आले होते, त्याचे ते फळ होते. गोदामात जो साठा ठेवलेला नव्हता तो, म्हणावयाचे तर, या माणसांच्या संबंधांत ठेवलेला होता.

एवढ्यावरून साठा मुळीच नको असा निष्कर्ष काढणेही भाबडेपणाचे ठरेल; खुद्द टोयोटानेही तो काढला नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि सागरी लाटेने जपानचा ईशान्य किनारा उद्ध्वस्त झाला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक चिपांचा पुरवठा तुटला. शेजारच्या कारखानदाराने मिलिंगवर चिप काढून देणे शक्य नव्हते. त्यानंतर त्यांनी आपल्या मालाची छाननी केली आणि ज्या वस्तू बंद पडल्यास लवकर उभ्या राहणार नाहीत त्यांचा, विशेषतः चिपांचा, दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असे ठरविले. २०२१ च्या आरंभी चिपांच्या टंचाईने जगातील मोठमोठे मोटार-कारखाने अडखळले तेव्हा टोयोटा त्यांच्याहून कितीतरी अधिक काळ तग धरून राहिली. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात तिलाही उत्पादनात मोठी कपात करावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे या. जपानी पद्धतीचे नाव आपल्याकडील मोठ्या कारखान्यांनी घेतले त्याला बरीच वर्षे झाली. ‘आमच्याकडे साठा शून्य’ असे ते अभिमानाने सांगतात. पण त्यांच्या फाटकाबाहेर रांगेत उभे असलेले टेंपो कोणी पाहिले आहेत काय? त्या टेंपोंत माल आहे, आणि त्या टेंपोंच्या मागे भोसरीच्या किंवा सातपूरच्या एखाद्या गाळ्यात पंधरा दिवसांचा माल तयार करून ठेवलेला आहे, कारण फाटकावरून हाक आली आणि माल नसला तर दंड आहे. साठा शून्य झालेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली. कारखान्यास ज्या व्याजाने पैसे मिळतात त्याहून अधिक व्याजाने पैसे काढणाऱ्या लहान माणसाच्या माथी तो बसला. शिवाय मालाचे पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस दिवसांनी. मी स्वतः खरेदी खात्यात होतो, मला हे हिशेब आतून ठाऊक आहेत. कागदावर मोठ्याचा खर्च कमी दिसतो. पण जो पुरवठादार दर महिन्याच्या सात तारखेला पगारासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवतो, त्याच्याकडून यंत्राची निगा राखली जात नाही, चांगला कारागीर टिकविला जात नाही आणि वेळ पाळली जात नाही. मग मोठा म्हणतो, माल वेळेवर येत नाही. आरंभी मी दोन तक्रारींचे मूळ एक आहे म्हटले ते या अर्थाने.

याबाबत कायदा आपल्या बाजूस आहे, आणि तो आपल्यांतील फार थोड्यांना नीट माहीत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ही मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि तक्रार ऐकण्यासाठी राज्याची सुविधा परिषद आहे. मात्र त्यासाठी उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी आधीपासून असली पाहिजे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता आहे. विलंबित पैशांचे हे संरक्षण त्यांस तिच्याने मिळत नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद होईल ही भीती मी जाणतो, आणि ती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरी पहिल्याच व्यवहारात ऑर्डरच्या कागदावर मुदत लिहून घेण्यास कोणाची ऑर्डर बंद होत नाही.

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या गाळ्यातील व्यवस्था पाहावी. बहुतेक वर्कशॉपमध्ये किमती मालावर मालकाची करडी नजर असते आणि किरकोळ मालाकडे दुर्लक्ष असते. पोलादाच्या सळ्यांची मोजणी रोज होते, आणि काम अडते ते लेथच्या इन्सर्टवाचून, पट्ट्यावाचून, नाहीतर शीतकाच्या डब्यावाचून. झडपेची गोष्ट आठवा. वस्तूची किंमत पाहून साठा ठरवू नका. ती नसेल तर काय थांबेल आणि ती किती दिवसांत मिळेल हे पाहून ठरवा. यासाठी एक साधा हिशेब पुरतो. समजा, रोज २० किलो माल लागतो आणि मागवल्यापासून यावयास एरवी ६ दिवस लागतात, पण कधीकधी ९ लागतात. तर ९ गुणिले २०, म्हणजे १८० किलो माल उरला की पुढची मागणी गेली पाहिजे. यांतील १२० किलो नेहमीच्या वापराचे, आणि ६० किलो हे पुरवठादाराच्या अनिश्चिततेपायी. तो जर ठरल्याप्रमाणे सहाव्या दिवशीच देऊ लागला तर हे ६० किलो उद्यापासून ठेवावयास नकोत. म्हणून मी नेहमी म्हणत असे की किलोमागे आठ आणे स्वस्त देणाऱ्या लहरी व्यापाऱ्यापेक्षा नेमाचा व्यापारी स्वस्त पडतो. आणि नेमाचा व्यापारी टिकवावयाचा तर त्याचे बिल आपणही नेमाने दिले पाहिजे. आपण ज्याच्याकडून पन्नास हजारांचा माल घेतो तो आपल्याविषयी घरी काय बोलत असेल, याची चौकशी करून पाहण्यासारखी आहे.

आणि एक गोष्ट. आपापली ड्रॉइंगे, गेजांची मापे, फिक्स्चरचे नकाशे यांची एक प्रत गाळ्याबाहेर, घरी अथवा बँकेच्या पेटीत ठेवावी. आयसिनची यंत्रे जळाली, पण ड्रॉइंगे हाती होती म्हणून दुसरे कोणी काम करू शकले. आपल्याकडे पुष्कळ वेळा सारे काम एका जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात असते.

आता मंडळासंबंधी. आपल्या ज्ञातीची परिचय-पुस्तिका निघते. तिच्यात नाव, मूळ गाव, शिक्षण आणि विवाहयोग्य मुलामुलींची माहिती असते. कोणाकडे कोणते यंत्र आहे ही माहिती मात्र कोठेच नाही. एखाद्याचा ग्राइंडर बिघडला तर त्याच वसाहतीत दोन गल्ल्यांपलीकडे आपल्याच माणसाचा ग्राइंडर दुसऱ्या पाळीला मोकळा आहे हे त्याला ठाऊक नसते. कार्यकारी मंडळापुढे मी अशी सूचना ठेवली आहे की यंत्रांची एक नोंदवही करावी : यंत्राचा प्रकार, त्यावर किती मोठे काम बसते, आणि कोणत्या पाळीला ते रिकामे असते. ही वही ज्ञातीपुरती मर्यादित ठेवण्याच्या मताचा मी नाही. शेजारचा गाळेवाला कोणत्याही समाजाचा असो, त्याची इच्छा असल्यास त्याचेही नाव घालावे. यंत्राला जात नसते, आणि अडचणीच्या रात्री जवळचा गाळा कामास येतो.

नोंदीचे छापील कागद बाहेर मांडवात, स्मरणिकेच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. भोजनापूर्वी ज्यांना जमेल त्यांनी ते भरून द्यावेत. ज्यांना यंत्राचा नंबर पाठ नसेल त्यांनी कागद घरी न्यावा आणि पुढील रविवारी कार्यालयात आणून द्यावा.